व्यापारी कायदा शिकविणारे बाबासाहेब

आम्ही यवतमाळच्या न्यायालयात उमेदवारी करीत होतो. एका कापूस व्यापाऱ्याने जिनिंगवाल्यावर थकलेल्या पैशांचा दावा लावला होता. सौदापावती, वजन, कापसातली ओल आणि व्याज यांवर दिवसभर उलटतपासणी चालली. मागच्या बाकावरून आम्हाला निम्मीही कळली नाही. एक मात्र कळले. ज्याने तो कापूस पिकविला आणि जिने तो वेचला, त्यांचे नाव एकाही कागदावर नव्हते.

बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. ते व्यापारी कायद्याचे शिक्षक होते, हे किती जणांना ठाऊक आहे? बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस आल्यावर त्यांनी शेअरबाजारातील लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. १९२३ साली ते बॅरिस्टर होऊन परतले, तर सनदेपुरतेही पैसे नव्हते. मित्र नवल भथेना मदतीला धावले. सनद मिळाली, पण सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम देईनात. मोठ्या व्यापारी खटल्यांची वाट तर त्यांच्याच हातून जात होती. शेवटी पोटासाठी बाबासाहेबांनी १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत मर्कंटाइल लॉ शिकविला. ज्या बाजाराने दार लावले, त्याच बाजाराचा कायदा त्यांनी शिकविला! पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले.

ही विद्या वाया गेली नाही. महाडचे तळे ही खासगी मालमत्ता आहे, असा दावा सवर्णांनी १९२७ मध्ये लावला. तो लढा सत्याग्रहाइतकाच कागदांवर लढला गेला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला गेला.

आज २०१५ च्या कायद्याने वाणिज्य न्यायालये आली आहेत. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तीन लाखांपासूनचे व्यापारी वाद तिथे जातात. आमची विधीची मुले अत्याचाराच्या खटल्यांना गर्दी करतात. ती केलीच पाहिजे. पण बाजाराच्या खटल्यात मागचा बाक रिकामा असतो. संपत्ती कुणाकडे जाते हे तिथे ठरते. तरुण वकील मित्रांनो, त्या बाकावर जाऊन बसा. करारपत्र वाचायला शिका. कापूस वेचणाऱ्या मायमाउलीचे नाव त्या कागदावर आणायचे असेल, तर आधी तो कागद आपल्याला वाचता आला पाहिजे.