काळ्या मातीने शिकवलेला धीर

संत गाडगेबाबा म्हटले की हातातील खराटा, फुटके गाडगे आणि चिंध्यांचे वस्त्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु हा लोकोत्तर पुरुष मुळात एक कसलेला शेतकरी होता, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, एका परीट कुटुंबात झाला. वडील व्यसनापायी अकाली गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी आली. मामाची गुरे राखता राखता डेबूजी नांगर धरू लागला. वऱ्हाडची काळी माती कष्टाचे मोल देते, पण तिच्या सवडीने. धसकटे वेचावीत, बांध घालावा, तण काढावे आणि मृगाकडे डोळे लावून बसावे, हा धडा त्याला शाळेत न जाताच मिळाला.

मात्र या शेतीवर सावकारी कर्जाची सावली पडली. मामा निरक्षर होते. कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना कळत नव्हते. राबून वाढवलेली जमीन त्या कागदापायी हातची गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. सावकाराची माणसे ताबा घेण्यास आली तेव्हा तरुण डेबूजीने त्यांना शेतातच अडवले, अशी हकीगत त्यांच्या चरित्रांत येते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. शेत सुटले, पण शेतकऱ्याचा स्वभाव सुटला नाही. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. ऋणातून सुटका, असा त्या नावाचा अर्थ. पौषातील रविवारी तेथे यात्रा भरते. त्या काळी यात्रेकरूंना चिखल तुडवीतच पाण्यापर्यंत जावे लागे. बाबांनी उपदेश न करता स्वतः माती वाहण्यास आरंभ केला. पाहणारे हळूहळू हात लावू लागले. पुढे तेथे घाट झाला, लक्ष्मीनारायणाचे मंदिर उभे राहिले, धर्मशाळा झाली. हाताशी भांडवल नव्हते. दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन, यांतून जमेल तसे काम पुढे सरके. पेरणीनंतर शेतकरी जसा थांबतो, तसे बाबा थांबत. फरक इतकाच, की या पिकातील दाणाही त्यांना घरी न्यायचा नव्हता. इमारती वाढल्या, तरी त्यांचे कुटुंब झोपडीतच राहिले.

मूर्तिजापूरचे गोरक्षण, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथील धर्मशाळा, असा हा पसारा पुढे महाराष्ट्रभर वाढला. कर्ज काढून सण आणि लग्ने साजरी करू नका, हे ते कीर्तनांतून कळकळीने सांगत. कागदाने मामांचे शेत हिरावले होते. बाबांनी तोच कागद आता पहारेकरी म्हणून बसवला. संस्थांचे विश्वस्त नेमले, दस्त करवले आणि आपल्या आप्तांचा त्यांवर हक्क राहू दिला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी स्थापन झालेल्या श्री गाडगेबाबा मिशनमुळे या कार्याला स्थायी स्वरूप आले.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर त्यांची प्राणज्योत मालवली. अमरावती विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

शहरात राहून गावाकडे एखादा जमिनीचा तुकडा घ्यावा, चार झाडे लावावीत, असे स्वप्न पाहणारे आज पुष्कळ आहेत. दोन पावसाळ्यांत झाड वाढले नाही की त्यांचा जीव कासावीस होतो. अशांनी एकदा पौषात ऋणमोचनला जावे आणि पूर्णेच्या घाटावर घटकाभर बसावे. हा काठ कोणा एकाच्या घाईने बांधला गेलेला नाही आणि तो कोणा एकाच्या मालकीचाही नाही.