शुक्रवारची बारा माणसे

व्यवसायात ओळखी लागतात, हे कुणी कुणाला शिकवायला नको. म्हणून तर उद्योजकांचे मेळावे भरतात. हॉटेलचा हॉल असतो, छातीवर नावाची चिठ्ठी असते, एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात कार्डांचा गठ्ठा असतो. समोरचा बोलत असतो आणि ऐकणाऱ्याची नजर त्याच्या खांद्यावरून अधिक मोठा माणूस शोधत असते. घरी परतल्यावर खिशातून चाळीस कार्डे निघतात. त्यांतल्या किती जणांना आपण रात्री-अपरात्री फोन करू शकू, असा प्रश्न मात्र आपण स्वतःला विचारत नाही.

अशा वेळी मला फिलाडेल्फियातला एक मुद्रक आठवतो. बेंजामिन फ्रँकलिन. शाळेच्या पुस्तकात तो वादळात पतंग उडवताना भेटतो, इतिहासात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करताना भेटतो. मला मात्र या दोघांहून तिसरा फ्रँकलिन जवळचा वाटतो. परक्या गावात खिशात जेमतेम एक डॉलर आणि थोडी चिल्लर घेऊन उतरलेला, कुणाचीही ओळख नसलेला सतरा वर्षांचा पोरगा.

त्याचा जन्म १७ जानेवारी १७०६चा, बोस्टनचा. बाप मेणबत्त्या आणि साबण करणारा, घरात सतरा मुले. शाळा दोन वर्षांतच सुटली आणि बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली. भाऊ मारकुटा होता. १७२३ साली करार मोडून पोरगा पळाला तो फिलाडेल्फियात येऊन थडकला. कायमर नावाच्या मुद्रकाकडे त्याला काम मिळाले.

तिथे त्याला पहिली मोठी ओळख लाभली, तीही थेट प्रांताच्या गव्हर्नरची. सर विल्यम कीथ या हुशार पोरावर खूश झाले, त्याला घरी जेवायला बोलावू लागले. तुला स्वतंत्र छापखाना काढून देतो, सामान आणायला लंडनला जा, उधारीची आणि ओळखीची पत्रे मी देतो, असे त्यांनी सांगितले. १७२४च्या अखेरीस फ्रँकलिन जहाजावर चढला. इंग्लंड जवळ आल्यावर टपालाची थैली उघडली, तर तिच्यात त्याच्या कामाचे एकही पत्र नव्हते. जहाजावरच्या डेनहॅम नावाच्या सज्जन व्यापाऱ्याने तेव्हा त्याला सांगितले की, गव्हर्नरची बाजारात पतच नाही, तो पत देणार कुठून? सगळ्यांना खूश ठेवण्याची हौस भारी, जवळ द्यायला काही नाही, म्हणून कीथ आश्वासने वाटत असे. दीड वर्ष लंडनच्या छापखान्यांत घाम गाळून फ्रँकलिन १७२६ साली परतला.

मोठ्या माणसाच्या ओळखीचा असा अनुभव आल्यावर एखादा कडवट झाला असता, नाहीतर आणखी मोठा माणूस शोधू लागला असता. फ्रँकलिनने तिसरीच वाट धरली. १७२७च्या शरद ऋतूत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने आपल्यासारख्याच धडपड्या माणसांचे एक मंडळ काढले. नाव जंटो. बैठक दर शुक्रवारी संध्याकाळी, आधी एका मद्यालयात आणि पुढे एका सदस्याच्या घरी.

त्यात कोण होते ते पाहण्यासारखे आहे. जोसेफ ब्राइंटनॉल दस्तऐवजांच्या नकला करणारा लेखनिक. टॉमस गॉडफ्रे खिडक्यांना काचा बसवणारा आणि स्वतःच्या बळावर गणित शिकलेला. विल्यम पार्सन्स चांभारकाम शिकलेला. विल्यम मॉग्रिज सुतार. निकोलस स्कल जमिनीची मोजणी करणारा. विल्यम कोलमन एका व्यापाऱ्याचा कारकून. खाऊनपिऊन सुखी म्हणावा असा एकटा रॉबर्ट ग्रेस. बाकीचे छापखान्यातले सोबती. पुढे यातले दोघे प्रांताचे मुख्य भूमापक झाले, कोलमन न्यायाधीश झाला. पण १७२७ साली त्यांच्याकडे पाहून कुणी ओळख वाढवावी, असे त्यांच्यात काही नव्हते.

या मंडळाचे नियम मला फार शहाणपणाचे वाटतात. दर आठवड्याला चर्चेसाठी सदस्यांनी आळीपाळीने प्रश्न मांडायचे. तीन महिन्यांतून एकदा प्रत्येकाने स्वतःचा निबंध वाचायचा. वाद जिंकण्यासाठी घालायचा नाही. ठासून बोलणाऱ्याला, समोरच्याला तोंडावर खोडून काढणाऱ्याला पुढे पुढे किरकोळ दंडही होऊ लागला. प्रत्येक बैठकीआधी चोवीस प्रश्नांची एक यादी डोळ्यांखालून घालायची असे. गावात अलीकडे कुणाचा धंदा बुडाला, आणि कशामुळे? कुणाची भरभराट झाली, आणि कशी? नवा कुणी गुणी माणूस गावात आला आहे का, आणि आपल्याला त्याचा काही उपयोग होईल का? नुकतीच सुरुवात केलेल्या कोणत्या तरुणाला हात देता येईल? त्यातच एक प्रश्न असाही होता की, तुम्हाला कुणाची मैत्री हवी आहे आणि ती मिळवून देणे मंडळाला शक्य आहे का?

हा शेवटचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ही काही निःस्वार्थ संतमंडळी नव्हती. आपल्याला ओळखी हव्या आहेत, धंदा वाढवायचा आहे, हे ती एकमेकांसमोर मोकळेपणाने मान्य करत. मात्र मागण्याचा हा प्रश्न एकटा नव्हता. देण्याचे, शिकण्याचे, दुसऱ्याची विचारपूस करण्याचे प्रश्न त्याच्या मागेपुढे होते. शिवाय मागणारा कसा विचार करतो, शब्द कसा पाळतो, हे ऐकणाऱ्यांनी कित्येक शुक्रवारी पाहिलेले असे.

त्याचे फळ लवकरच दिसले. १७२८ साली फ्रँकलिनने ह्यू मेरेडिथ या सोबत्याबरोबर छापखाना काढला. गावात आधीच दोन मुद्रक होते, हा तिसरा टिकणार नाही, असे व्यापाऱ्यांच्या मंडळात बोलले जाऊ लागले. तेव्हा ब्राइंटनॉलने क्वेकर पंथाच्या इतिहासाचे चाळीस फर्मे छापण्याचे काम आणून दिले. दर कमी होता. फ्रँकलिनने रोज एक फर्मा जुळवायचा असा नेमच केला. एका रात्री काम उरकल्यावर जुळवलेला मजकूर कोसळला, दोन पानांचे खिळे विखुरले. त्याने झोपण्यापूर्वी ती पाने पुन्हा जुळवली. रात्री घरी जाताना आणि पहाटे शेजारी उठण्याआधीही हा माणूस कामावर दिसतो, असे डॉक्टर बेअर्ड यांनी व्यापाऱ्यांच्या त्याच मंडळात सांगितले. ते ऐकून एका व्यापाऱ्याने त्याला कागदसामान उधारीवर देऊ केले. म्हणजे ज्या बैठकीला फ्रँकलिन हजरही नव्हता, तिथे त्याच्या वतीने त्याचा दिवा बोलला.

खरी कसोटी पुढे आली. यंत्रसामग्रीचे पैसे मेरेडिथचे वडील भरणार होते. शंभर पौंड भरून त्यांचे हात टेकले, आणखी शंभर देणे राहिले. व्यापाऱ्याने दावा लावला. छापखाना जप्त होऊन निम्म्या किमतीत विकला जाण्याची वेळ आली. तेव्हा कोलमन आणि ग्रेस, एकमेकांना न कळवता, वेगवेगळे त्याच्याकडे आले आणि न मागता हवी तेवढी रक्कम देऊ लागले. दोघांची अट एकच: दारूच्या नादी लागलेल्या मेरेडिथला सोड.

फ्रँकलिनने लगेच होकार दिला नाही. मेरेडिथ बापलेकांनी आपल्यासाठी केले आहे, ते आपला वाटा उचलतील अशी आशा आहे तोवर मी भागी मोडणार नाही, असे त्याने कळवले. पुढे मेरेडिथने स्वतःच हे काम आपले नव्हे, असे कबूल करून अंग काढून घेतले. मग फ्रँकलिनने दोन्ही मित्रांकडून निम्मी निम्मी रक्कम घेतली. एकाची घ्यावी तर दुसऱ्याला वाईट वाटेल म्हणून. डोक्यावर जप्ती असताना जो जुन्या भागीदाराला वाऱ्यावर सोडत नाही, त्याला कर्ज देण्यात धोका तो किती?

परतफेड त्याने पैशांतच केली असे नाही. १७४०च्या दशकात नव्या धर्तीच्या शेगडीचा नमुना तयार केला, तेव्हा पेटंट नाकारून तो नमुना त्याने ग्रेसला दिला. ग्रेसची लोखंडाची भट्टी होती. शेगडीच्या ओतीव पत्र्यांचा त्याला चांगला धंदा झाला.

फ्रँकलिन धोरणी होता, यात शंका नाही. १७३१ साली वर्गणीच्या ग्रंथालयासाठी फिरताना त्याला कळले की, कल्पना आपली म्हणून सांगितली की लोक मागे सरतात. मग ती काही मित्रांची योजना म्हणून तो सांगू लागला, आणि प्रत्येकी चाळीस शिलिंग देणारे पन्नास वर्गणीदार उभे राहिले. विधिमंडळात विरोधात बोललेल्या एका सभासदाकडून त्याने एक दुर्मीळ पुस्तक वाचायला मागितले आणि आठवड्याभरात आभाराच्या चिठ्ठीसह परत केले. त्यातून आयुष्यभराची मैत्री जमली. याला कुणी युक्ती म्हणेल. मी म्हणणार नाही. निदान नुसती युक्ती नव्हे. युक्तीने दार उघडते, पण उघडलेल्या दाराशी पुढची कित्येक वर्षे नीट वागावे लागते, आणि तिथे युक्ती पुरत नाही.

या मंडळाचे गोडवे गाताना त्याची भिंतही दिसली पाहिजे. सदस्य जास्तीत जास्त बारा, आणि मंडळाचा बोभाटा करायचा नाही, कारण नको त्या माणसाला नाही म्हणण्याची वेळ येऊ नये. माणसे वाढवण्याची मागणी झाली तेव्हा फ्रँकलिनने, प्रत्येकाने आपले वेगळे मंडळ काढावे, असे सुचवले. उपाय चांगला होता, पण त्या वर्तुळात स्त्रियांना जागा नव्हती, काळ्यांना तर नव्हतीच. फ्रँकलिनच्या घरी गुलाम होते, त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती येत. १७८७ साली तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १७९० साली तिच्या वतीने काँग्रेसकडे अर्ज केला. पण तेव्हा त्याने ऐंशी ओलांडली होती. आपल्या वर्तुळाबाहेर कोण राहिले, हे पाहायला भल्या माणसालाही किती वेळ लागतो!

१७४८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो रोजच्या धंद्यातून मोकळा झाला. वादळातला पतंग, लंडन-पॅरिसची वकिली, राजेरजवाड्यांच्या भेटी हे सगळे त्यानंतरचे. पण कारकून कोलमनशी जुळलेली मैत्री त्या मित्राच्या मृत्यूपर्यंत, चाळीसहून अधिक वर्षे, अखंड राहिली.

१७ एप्रिल १७९० रोजी फ्रँकलिन वारला. मृत्युपत्राच्या पुरवणीत त्याने बोस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले होते. उमेदवारी पुरी केलेल्या, पंचविशीच्या आतल्या विवाहित कारागिरांना धंदा सुरू करायला त्यातून कर्जे द्यायची होती. तरुणपणी दोन मित्रांनी दिलेल्या कर्जावर आपले सारे उभे राहिले, याची आठवण त्याने तिथे आवर्जून नोंदवली आहे. कर्ज मागणाऱ्याने कोणाचे शिफारसपत्र आणावे, असे त्याने लिहिले नाही. अट घातली ती एवढीच की, त्याच्या चांगल्या वागणुकीची ग्वाही देणारे आणि त्याला जामीन राहायला तयार असणारे दोन प्रतिष्ठित नागरिक त्याच्याजवळ असावेत.