७० अंश आणि एक चिमटा

१८९७चा पुण्यातला प्लेग म्हटलं की तुम्हाला रँड आठवतो. पण त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, हे माहितीये? जंतू वाढवायचे, मग ७० अंशांवर तासभर तापवून मारायचे. तापमान कमी पडलं तर जंतू जिवंतच! १९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. कार्बोलिक वगळून नुसत्या उष्णतेवर विसंबल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला, पद गेलं. खरा संशय होता बाटली उघडताना जमिनीवर पडलेल्या चिमट्यावर. १९०७मध्ये ते निर्दोष ठरले. परळच्या संस्थेला १९२५मध्ये त्यांचं नाव मिळालं. लॅबमध्ये ऑटोक्लेव्हचा काटा बघालच. नंतरचा चिमटाही बघा!