छायाचित्रातील बालगंधर्व

जुन्या घराच्या माजघरात देवादिकांच्या तसबिरींशेजारी एखादे वेळी एका सालंकृत स्त्रीचे छायाचित्र आढळते. भरजरी शालू, नाकात नथ, केसांत गजरा, किंचित कललेली मान. ही कोणी राणी असावी, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः ते असते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच नटवर्य बालगंधर्व, यांचे छायाचित्र!

पूर्वी दक्षिण सातारा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजच्या सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे त्यांच्या घराण्याचे गाव. त्यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. त्या काळी नाटकातील स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत. १९०५ साली मिरजेस किर्लोस्कर नाटक मंडळीत नारायणराव प्रथम शकुंतला म्हणून उभे राहिले आणि पाहता पाहता त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांची लुगडे नेसण्याची व केस बांधण्याची रीत घरंदाज स्त्रिया उचलू लागल्या.

जेथे नाटक मंडळी जात नसे, तेथेही त्यांचे रूप छायाचित्रांनी पोहोचविले. तेव्हा चांदीच्या क्षाराचा लेप दिलेल्या काचेवर चित्र घेत आणि तोवर बसणाऱ्यास निश्चल राहावे लागे. त्या काचेस तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून कपाळावरचे लाल कुंकू चित्रात काळे उमटे. शालूचा रंग गेला, आवाज तर गेलाच. तरीही जे उरले, ते पाहून लोक थक्क होत. कॅमेऱ्यापुढे बसलेले नारायणराव कोठे संपत आणि नाटकातील नायिका कोठे सुरू होई, हे मला तरी कधी सांगता आलेले नाही.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग रहित करावा, असे सहकाऱ्यांनी सुचविले. पण जमलेल्या प्रेक्षकांना विन्मुख पाठविणे त्यांना रुचले नाही. मुखास रंग लावून ते भामिनी झाले व गायिले. भामिनीच्या वेषातील त्यांचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्या प्रसन्न मुद्रेवर दुःखाची पुसटशी खूणही सापडत नाही.

१९३५ साली ‘धर्मात्मा’ या बोलपटात ते पुरुषवेषात, संत एकनाथांच्या भूमिकेत दिसले. १५ जुलै १९६७ रोजी ते निवर्तले. पुढील वर्षी पुण्यात खुल्या झालेल्या बालगंधर्व रंगमंदिरात चित्रकार गोपाळ देऊसकरांनी रंगविलेली त्यांची दोन मोठी चित्रे आहेत: एक नारायणरावांचे आणि दुसरे त्यांच्या स्त्रीवेषाचे.