निसर्गरक्षक चार्ल्स रॉथशिल्ड

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. हा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. परंतु उंदरांकडून माणसाकडे हा रोग नेणाऱ्या पिसवेला शास्त्रीय नाव कोणी दिले, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. सुदानमधील शेंडी येथे जमवलेल्या नमुन्यांवरून १९०३ साली हे काम करणारे गृहस्थ व्यवसायाने लंडनचे बँकर होते. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनाने याच पिसवेवरचा आरोप पक्का केला. त्या बँकरचे नाव चार्ल्स रॉथशिल्ड.

त्यांचा जन्म ९ मे १८७७ रोजी एका गर्भश्रीमंत ज्यू घराण्यात झाला. शिक्षण हॅरो आणि केंब्रिज येथे झाले. थोरले बंधू वॉल्टर प्राणिसंग्रहात रमल्यामुळे पेढीचा भार चार्ल्स यांच्यावर आला आणि तो त्यांनी निष्ठेने वाहिला. उरलेला वेळ मात्र फुलपाखरांचा आणि पिसवांचा! पिसवांच्या सुमारे ५०० नव्या जातींची त्यांनी नोंद केली.

कीटकांच्या मागे हिंडताना पूर्व इंग्लंडच्या दलदली त्यांनी पायाखाली घातल्या, आणि तेथेच त्यांना एका मोठ्या नाशाच्या खुणा दिसल्या. हा प्रदेश एकेकाळी पाण्याने आणि पीटने भरलेला होता. पीट म्हणजे पाण्याखाली, हवेअभावी न कुजता साठत गेलेले वनस्पतींचे अवशेष. काही ठिकाणी तर या पीटचे घुमटासारखे उंचवटे तयार झाले होते. अशा उंच दलदलीला नदीचे वा झऱ्याचे पाणी मिळत नाही. ती केवळ पावसावर जगते. स्फॅग्नम नावाचे शेवाळ स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवते, पाणी आम्लधर्मी करते, आणि वर्षाकाठी जेमतेम एक मिलिमीटर या गतीने पीटचा थर चढत जातो. चार-पाच मीटरांचा उंचवटा उभा राहायला हजारो वर्षे लागतात. मोडायला मात्र काठाशी खोल चर खणला तरी पुरते.

१८५१ साली तेथील व्हिटलसी मिअर हे विशाल सरोवर शेतीसाठी पंपाने उपसण्यात आले. जवळच होम फेन येथे जमीन किती खचते हे पाहण्यासाठी एक लोखंडी खांब माथ्यापर्यंत गाडला होता. आज तो सुमारे चार मीटर उघडा पडला आहे. खांब वर आला नाही, भोवतालची जमीन खाली गेली! पाणी गेले, पीट आकसले, हवा लागून जळाल्यासारखे विरून गेले आणि त्यातला कार्बन वातावरणात मिसळला. त्या सुमारासच या दलदलीचे भूषण असलेले मोठे ताम्रवर्णी फुलपाखरू इंग्लंडातून नाहीसे झाले.

त्या काळी निसर्गप्रेम म्हणजे एखाद्या पक्ष्याच्या शिकारीला बंदी, एवढीच सर्वसाधारण समजूत होती. रॉथशिल्ड यांनी ओळखले की जीव वाचवायचा तर त्याचे घर वाचवले पाहिजे. त्यांनी विकन फेनमधील जमिनी घेऊन राष्ट्रीय न्यासाला दिल्या. १९१० साली वुडवॉल्टन फेन स्वतःच्या पैशाने विकत घेतले. येथेही पूर्वी उंच दलदल होती. तिचा वरचा थर लोकांनी जळणासाठी खणून नेला होता. पुढे १९१९ साली ही जागा त्यांनी आपल्या संस्थेच्या स्वाधीन केली.

ही संस्था त्यांनी १६ मे १९१२ रोजी स्थापन केली होती. देशभरातील जाणकारांना पत्रे लिहून रक्षणीय स्थळांची माहिती गोळा करण्यात आली, आणि १९१५ साली २८४ स्थळांची यादी सरकारला सादर झाली. महायुद्ध ऐन भरात होते. धान्य पिकवण्याची निकड असताना दलदलीची चिंता कोण करणार? यादी बाजूला पडली. मेंदूच्या आजाराने जर्जर झालेल्या रॉथशिल्ड यांनी १२ ऑक्टोबर १९२३ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, आपले जीवन संपवले. ब्रिटनमध्ये निसर्गरक्षणाचा व्यापक कायदा व्हायला १९४९ साल उजाडले.

त्यांच्या पश्चात वुडवॉल्टनने एक कठोर धडा दिला. १९२७ साली तेथे हॉलंडमधील ताम्रवर्णी फुलपाखरे आणून सोडली. पण माणसाच्या मदतीवाचून ती टिकेनात आणि अखेर संपली. शिवाय कुंपणाच्या आतली जमीन राखली, तरी भोवतालची शेते खचत होती आणि आतले पाणी बाहेर झिरपत होते. शेवटी चिकणमातीचे बांध घालून ते अडवावे लागले. २००१ पासून वुडवॉल्टन आणि होम फेन यांच्यामधली शेतजमीन घेऊन ती पुन्हा ओली करण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला. होम फेनमध्ये उंच दलदलीचा अगदी लहानसा तुकडा अजून शिल्लक आहे.

म्हणजे दलदल वाचवणे हा प्रथम पाण्याचा प्रश्न आहे, आणि पाणी सातबारा पाहून वाहत नाही. रॉथशिल्ड यांनी जागा विकत घेतल्या. शेजारची पाण्याची पातळी विकत घेणे त्यांच्याही हाती नव्हते. ते काम एका धनिकाचे नसून साऱ्या समाजाचे आहे. परंतु त्यांनी ते तुकडे राखले नसते, तर आज जोडायला काय उरले असते?