देवघरातल्या लक्ष्मीचा चेहरा

आज गीतेचा श्लोक ७.२१. भक्ताला जे रूप श्रद्धेने पुजावंसं वाटतं, त्याच रूपावरची त्याची श्रद्धा देव पक्की करतो, असा त्याचा भाव. वाचताना मला राजा रविवर्मा आठवले.

जन्म १८४८, केरळातलं किळिमानूर. बडोद्याच्या सयाजीरावांनी त्यांच्याकडून पुराणप्रसंगांची १४ चित्रं करवून घेतली. तेव्हा प्रश्न पडला, देवींना नेसवायचं काय? भावाला घेऊन ते देशभर हिंडले, माणसं बघितली, आणि साडीवर आले.

पण चित्रं राजवाड्यात, आणि भक्त बाहेर! म्हणून १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. दगडावरची छपाई, रंगागणिक वेगळा दगड. कमळावरची लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती स्वस्तात घरोघरी पोचली. ज्यांना देवळाच्या पायरीवरच अडवायचे, त्यांच्याही भिंतीवर देव आले. शिकागोच्या पदकांपेक्षा मला हे मोठं वाटतं.

आमच्या पुसदच्या घरातली लक्ष्मी त्याच वळणाची. डोळे मिटल्यावर मला तीच दिसते. मग मी ध्यान देवीचं करतो की रविवर्म्यांच्या चित्राचं? आजच्या श्लोकापाशी ही धाकधूक जरा कमी होते.

धंदा मात्र त्यांना जमला नाही. मुंबईत प्लेग आला, छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, कर्ज वाढलं. १९०१ मध्ये तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. १९०६ मध्ये रविवर्मा गेले. मळवलीत लक्ष्मी छापणं चालूच राहिलं.