आंद्रे जुर्नो

आंद्रे जुर्नो (१९०४ – १९९६) हे फ्रेंच संशोधक आणि वैद्यकीय भौतिकीचे प्राध्यापक होते. शरीरात बसवलेल्या उपकरणाला बाहेरून बिनतारी पद्धतीने संकेत देऊन चेता उद्दीपित करण्याच्या तंत्राचा त्यांनी पाया घातला. कर्णशल्यविशारद शार्ल एरिएस यांच्यासह १९५७ मध्ये त्यांनी केलेला प्रयोग हा कॉक्लियर इम्प्लांटचा आरंभ मानला जातो.

संशोधन

जुर्नो पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत कार्यरत होते. चेतेला जोडलेली तार त्वचेतून बाहेर काढल्यास त्या जागी जंतुसंसर्गाचा धोका असतो. तो टाळण्यासाठी त्यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा उपयोग केला. तारेचे एक वेटोळे शरीरात बसवून दुसरे त्वचेबाहेर ठेवले जाई. बाहेरच्या वेटोळ्यातील बदलत्या प्रवाहामुळे आतल्या वेटोळ्यात प्रवाह निर्माण होई, त्यामुळे आत विद्युतघटाची गरज नसे. ही पद्धत त्यांनी प्रथम प्राण्यांवर वापरून पाहिली.

पहिले रोपण

दोन्ही कानांच्या विकारामुळे पूर्ण बहिरेपण आलेल्या एका रुग्णाच्या चेहऱ्याच्या निकामी चेतेवर एरिएस शस्त्रक्रिया करणार होते. २५ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याच शस्त्रक्रियेत जुर्नो यांचे उपकरण बसवून श्रवणचेतेच्या उरलेल्या भागाशी जोडण्यात आले. रुग्णाला पुन्हा ध्वनीची जाणीव झाली. सरावानंतर तो उच्च व नीच कंप्रतेतील फरक आणि मोजके शब्द ओळखू लागला; मात्र संभाषण समजण्याइतकी प्रगती झाली नाही. पुढे उपकरण बिघडले. ते बदलल्यावर दुसरेही निकामी झाले, तेव्हा एरिएस यांनी तिसऱ्या रोपणास नकार दिला आणि दोघांचे सहकार्य संपुष्टात आले.

संशोधनाचा लाभ सर्वांना मिळावा, या मताचे असल्याने जुर्नो यांनी एकाच उद्योगसंस्थेशी करार करणे नाकारले. पुढे निधीअभावी त्यांना हे काम सोडावे लागले.

वारसा

या प्रयोगाची वृत्तपत्रातील माहिती एका रुग्णाकडून अमेरिकन शल्यविशारद विल्यम हाउस यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांनी १९६१ मध्ये लॉस एंजेलिस येथे रोपणे केली. फ्रान्समध्ये एरिएस यांचे शिष्य क्लोद-आंरी शुआर यांनी १९७० च्या दशकात हे संशोधन पुढे नेले. आजच्या कॉक्लियर इम्प्लांटमध्येही त्वचेपलीकडे संकेत व ऊर्जा वेटोळ्यांद्वारेच पोहोचवली जाते. भारतात केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून गरजू कर्णबधिर बालकांना हे उपकरण मिळते. त्यासाठी मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था समन्वयाचे काम करते.